स्वतःच लिहिलेला गेम फोडताना: एका नवशिक्या प्रोग्रॅमरचं प्रकरण

"ताई, एमबॉट कसा लिहितात?"

सहकाऱ्याच्या धाकट्या भावाने मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. एमबॉट म्हणजे शूटर गेममध्ये खेळाडूऐवजी आपोआप नेम धरणारा प्रोग्रॅम. वय १८, पायथन शिकायला लागून सहा महिने झालेले. लूप आणि फंक्शन हाताला बसली होती, क्लास लिहिताना अजून अडखळायचा. एका ऑनलाइन शूटर गेममध्ये त्याला कोणीतरी भिंतीआडून, एकही नेम न चुकवता, पुन्हा पुन्हा मारलं होतं. राग आला होताच, पण त्याहून जास्त कुतूहल चाळवलं होतं. समोरच्या माणसाच्या कॉम्प्युटरवर त्या क्षणी नेमकं काय चालू असेल?

असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला "हे वाईट असतं, नादी लागू नकोस" असं सांगून घालवून देणं मला पटत नाही. मेमरी, पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता), मशीनची भाषा, नेटवर्क हे सगळे विषय त्या एका प्रश्नात दडलेले आहेत, आणि शिकायची ओढ तर मुलगा स्वतःच घेऊन आलेला असतो. मी एकच अट घातली: ज्या गेममध्ये दुसरा माणूस खेळत असेल, त्याला हात लावायचा नाही. मग फोडायचं काय? तर स्वतः लिहिलेला गेम. त्याचा चेहरा पडला. स्वतःच्याच गेममध्ये चीट करण्यात कसली मजा, असं त्याला वाटलं असणार. पुढचे साधारण तीन महिने आम्ही दर शनिवारी संध्याकाळी बसलो. तो कुठे कुठे अडकला आणि त्यातून कसा बाहेर पडला, ते इथे मांडते आहे.

पायथनमधल्या ३० गोळ्या

पायथनमध्ये लिहिलेला एक छोटा गेम त्याच्याकडे तयार होता. पडद्यावर एक चौकोन, समोरून चालून येणारे शत्रू, आणि हातात ३० गोळ्या. "मग हाच घेऊ की," तो म्हणाला. काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी मी अडवलं नाही.

चीट इंजिन हे मेमरी चाळण्याचं टूल आहे. त्याची रीत सोपी आहे. चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत एखादी किंमत कुठे कुठे आहे ते शोधायचं. मग गेममध्ये ती किंमत बदलू द्यायची, आणि आधी सापडलेल्या पत्त्यांपैकी किती ठिकाणी आता नवी किंमत दिसते ते बघायचं. दर फेरीला नको ते पत्ते गळून पडतात. त्याने ३० शोधलं, हजारो पत्ते आले. एक गोळी झाडून २९ शोधलं, यादी एकदम आटली. २८ च्या वेळी यादी रिकामी.

दोन संध्याकाळी त्याने हेच पुन्हा पुन्हा केलं. टूल बिघडलंय, अँटिव्हायरसने काहीतरी अडवलंय, असे सगळे संशय घेऊन झाले. (अँटिव्हायरस या टूलवर ओरडतो हे खरं, पण इथे त्याचा दोष नव्हता.) शेवटी मी कागदावर चित्र काढलं. नेहमीच्या पायथनमध्ये, म्हणजे सीपायथनमध्ये, −५ ते २५६ हे पूर्णांक सुरुवातीलाच तयार करून ठेवलेले असतात, प्रत्येकाचं एकच ऑब्जेक्ट. 'गोळ्या' हे नाव ३० च्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवत असतं. गोळी झाडली की ते बोट २९ च्या ऑब्जेक्टकडे वळतं. ३० जिथे होता तिथेच, जसाच्या तसा राहतो. म्हणजे ३० बदलून २९ होतो अशी जागा, जी तो शोधत होता, मेमरीत नव्हतीच. बदलत होतं ते बोट.

तो बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी त्या ३० च्या ऑब्जेक्टमध्येच ९९ लिहिलं, तर गेमचा वेग ठरवणारा ३० पण ९९ होईल?"

होईल. त्या प्रोसेसमध्ये जिथे जिथे त्या ऑब्जेक्टकडे बोट आहे तिथे तिथे होईल. सहा महिने शिकून जी गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती, ती त्याने स्वतः प्रश्नाच्या रूपात मांडली. मेमरीत किंमत साठवणं आणि किंमतीकडे बोट दाखवणं यातला फरक त्याला तिथे कळला. पुढे सी भाषेतल्या पॉइंटरवर तो फार अडला नाही, त्याचं श्रेय मी या दोन वाया गेलेल्या संध्याकाळींना देते.

पडद्यावरचे ८७

तोच गेम सी मध्ये पुन्हा लिहायला त्याला तीन आठवडे लागले. खेळाडूची सगळी माहिती ३२ बाइटांच्या एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या सलग गाठोड्यात: पहिले १६ बाइट नाव, मग एक्स आणि वाय हे दोन फ्लोट (अपूर्णांकही ठेवणारे आकडे), मग हेल्थ, आणि शेवटी गोळ्या. स्ट्रक्चरची जागा मॅलॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने घेतलेली, आणि तिचा पत्ता एका ग्लोबल पॉइंटरमध्ये.

इथे गोळ्या पाचव्या फेरीतच सापडल्या. त्याने त्या जागी ९९९ लिहिलं आणि पडद्यावर ९९९ गोळ्या आल्या. उडीच मारली त्याने. मग हेल्थकडे वळला आणि अडकला.

मार बसला की पडद्यावर १०० चे ८७ व्हायचे. त्याने ८७ शोधलं, पुढच्या माराला ७४, मग ६२, आणि एकच पत्ता उरला. तिथे ९९९ लिहिलं. पडद्यावर ९९९ क्षणभर लुकलुकलं आणि पुन्हा ६२. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. चीट इंजिनमध्ये किंमत गोठवून ठेवायची सोय आहे. ती वापरल्यावर पडद्यावर बराच वेळ ९९९ दिसत राहिलं, आणि ९९९ दिसत असतानाच खेळाडू मेला.

आमचा एक नियम होता: कोड उघडून बघायचा, पण आधी आपला अंदाज बोलून दाखवायचा. दुसऱ्याचा गेम फोडताना अंदाज खरा की खोटा ते नवशिक्याला कधीच नक्की कळत नाही. एखादी युक्ती चालली तर का चालली हे कळत नाही, फसली तर का फसली हेही नाही. स्वतःच्या गेममध्ये उत्तरपत्रिका शेजारीच असते. माझ्या मते स्वतःचा गेम फोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, कायद्याचं आणि सभ्यतेचं कारण त्यानंतरचं.

"हेल्थ किती किती कमी होतेय ते लिहून काढ," एवढंच मी म्हणाले. त्याने लिहिलं: १३, १३, १२. मार देणारा शत्रू एकच, मग घट वेगवेगळी कशी? "ताई, अपूर्णांक आहे!" हेल्थ फ्लोट ठेवायचं त्यानेच ठरवलं होतं आणि तीन आठवड्यांत विसरूनही गेला होता. एका माराची किंमत १२.६. खरी हेल्थ ८७.४, मग ७४.८, मग ६२.२. पडद्यावर दाखवताना तो अपूर्णांक कापून एका वेगळ्या पूर्णांकात ठेवत होता, आणि दर फ्रेमला तो पूर्णांक नव्याने भरला जात होता. त्याला सापडली होती ती पाटीवर लिहिण्यापुरती केलेली नक्कल. मूळ हेल्थ दुसरीकडेच होती.

यानंतर मी त्याला चीट इंजिन बाजूला ठेवायला लावलं. आकडे शोधत बसणं फार लवकर सवयीचं होतं आणि आपण प्रोग्रॅमिंग करतोय असा भास होतो. त्याऐवजी त्याने स्वतःचा स्कॅनर लिहिला. विंडोजमध्ये त्यासाठी मोजकी फंक्शन्स पुरतात: ओपनप्रोसेसने दुसऱ्या प्रोसेसची परवानगी घ्यायची, व्हर्च्युअलक्वेरीईएक्सने तिच्या मेमरीचे कोणते तुकडे वाचण्याजोगे आहेत ते विचारायचं, रीडप्रोसेसमेमरीने ते तुकडे आपल्याकडे आणायचे, आणि बाइट पडताळायचे. शेवटी शंभरेक ओळी झाल्या.

बाइट डोळ्यांनी बघितल्यावर फ्लोटचा घोळ कायमचा मिटला. पूर्णांक १०० मेमरीत हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, '६४ ०० ०० ००' असा दिसतो, कारण या प्रोसेसरवर सगळ्यात कमी किमतीचा बाइट आधी येतो. फ्लोट १०० मात्र '०० ०० सी८ ४२'. किंमत तीच, पण दुसऱ्या जागेवरचा शून्य सोडला तर एकही बाइट जुळत नाही. पूर्णांक म्हणून शोधणाऱ्याला फ्लोट कधीच का सापडत नाही, हे सांगायला मला वेगळं भाषण द्यावं लागलं नाही.

२४ की १८

गेम बंद करून पुन्हा चालू केला की सापडलेला पत्ता निकामी. हे त्याला अपेक्षित होतं. मॅलॉक दर वेळी वेगळी जागा देतो, आणि विंडोज व्हिस्टापासून तर प्रोग्रॅम स्वतःही मुद्दाम वेगवेगळ्या पत्त्यावर चढवला जाऊ शकतो. यावरची वाटही त्याने पटकन शोधली. प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून ग्लोबल पॉइंटरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. तो पॉइंटर वाचायचा, की स्ट्रक्चर सापडतं. स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून हेल्थ किती लांब तेही ठरलेलं: नाव १६ बाइट, एक्स ४, वाय ४, म्हणजे हेल्थ २४ व्या बाइटावर.

चीट इंजिनमध्ये पडताळून बघताना त्याने अंतर २४ लिहिलं आणि भलताच आकडा आला. अर्धा तास गेला. त्या रकान्यात हेक्स आकडा लागतो. हेक्स २४ म्हणजे ३६, आणि स्ट्रक्चर तर ३२ बाइटांचं! तो स्वतःच्या घराबाहेर लिहीत होता. हवं होतं ते हेक्स १८. त्याने तिथे ५०० लिहूनही बघितलं होतं आणि गेमला काहीच झालं नव्हतं. मला तेच जास्त काळजीचं वाटलं. गेम कोसळला असता तर चूक तिथल्या तिथे दिसली असती. न कोसळता चालत राहणारी चूक कधी आणि कुठे डोकं वर काढेल याचा भरवसा नसतो. चीटसाठी खरं आहे तेच नोकरीत लिहिलेल्या सी च्या कोडसाठीही खरं आहे.

एक बाइट

आतापर्यंत तो किंमत बदलत होता. पुढची पायरी होती किंमत बदलणारा कोडच बदलण्याची. डीबगरने, म्हणजे चालू प्रोग्रॅम आतून दाखवणाऱ्या टूलने, दाखवलं की हेल्थच्या जागी लिहिणारी सूचना ही: एक्सएमएम० या रजिस्टरमधला (प्रोसेसरमधल्या छोट्या जागेतला) फ्लोट, आरएएक्स या दुसऱ्या रजिस्टरमध्ये असलेल्या पत्त्यापासून हेक्स १८ अंतरावर ठेव. मशीनच्या भाषेत पाच बाइट: एफ३ ०एफ ११ ४० १८. शेवटचा १८ बघून तो हसला. आदल्या शनिवारचा आकडा मशीनच्या कोडमध्ये तसाच बसला होता.

ही सूचना चाललीच नाही तर हेल्थ कमी होणार नाही. काहीच न करणाऱ्या सूचनेचा, नॉपचा, बाइट आहे ९०. चीट इंजिनमध्ये एका क्लिकने हे होतं, पण त्याला ते स्वतःच्या टूलमधून करायचं होतं. त्याने पहिला बाइट ९० केला. उरलेले चार तसेच ठेवले.

मग जे झालं ते मीही आधी पाहिलं नव्हतं. मार बसला की हेल्थ पूर्वीसारखी कमी होत होती, आणि त्याच क्षणी गोळ्या शून्य होत होत्या.

त्याला वाटलं, चुकीच्या ठिकाणी लिहिलं गेलं. जागा बरोबर होती. बदललेले बाइट झाले होते ९० ०एफ ११ ४० १८. प्रोसेसरने ९० ही एक नॉप म्हणून वाचली आणि पुढचे चार बाइट नवी सूचना म्हणून. एफ३ हा पुढे लावलेला बाइट असला की '०एफ ११' चार बाइटांचा एकच फ्लोट ठेवते; तो नसला की तीच सूचना रजिस्टरमधले सोळाच्या सोळा बाइट ठेवते. पहिल्या चारांत नवी हेल्थ, पुढच्या चारांत शून्य, आणि हेल्थला लागून कोण बसलं होतं? गोळ्या. उरलेले आठ बाइट स्ट्रक्चरच्या बाहेर सांडत होते. सगळा उलगडा व्हायला आम्हाला दोन तास लागले, आणि या प्रकरणातले ते माझे सर्वांत आवडते दोन तास. सूचनांची लांबी वेगवेगळी असते, आणि कुठून वाचायला सुरुवात केली यावर अर्थ ठरतो, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या शून्य गोळ्यांनी त्याला पक्कं शिकवलं.

तेव्हा मी त्याला गेम जिनीबद्दल सांगितलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं हे उपकरण निन्टेन्डोच्या कन्सोल आणि कार्ट्रिजच्या मधे बसायचं. प्रोसेसरने कार्ट्रिजमधल्या ठरावीक पत्त्यावरचा बाइट मागितला की हे खऱ्याऐवजी आपला बाइट पुढे करायचं. सुपर मारिओ ब्रदर्ससाठीचा एक प्रसिद्ध कोड होता 'एस एक्स आय ओ पी ओ', त्याने मारिओचे जीव संपायचे नाहीत. ही सहा अक्षरं म्हणजे नुसती गुप्त लिपी आहे. उकलली की निघतो एक पत्ता, हेक्स ९१डी९, आणि एक बाइट, एडी. मूळ गेममध्ये त्या पत्त्यावर असतो सीई, म्हणजे 'या जागेतली किंमत एकने कमी कर'. एडी म्हणजे 'या जागेतली किंमत वाच'. पुढचे दोन बाइट, जिथे जिवांची संख्या ठेवलेली आहे तो पत्ता, दोन्ही सूचनांना तसेच चालतात, कारण दोन्ही तीन बाइटांच्याच आहेत.

त्याच्याकडून ही उकल मी कागदावर करून घेतली. तेवढ्यात त्याने विचारलं, "पण सरळ नॉप का नाही घातली?" नॉप घालायला तीन बाइट बदलावे लागले असते, आणि सहा अक्षरांच्या कोडमध्ये एकच बाइट मावतो. शिवाय जीव कमी केल्यावर लगेच गेम तपासतो की उत्तर ऋण झालं का. वाचण्याची सूचनाही किंमत ऋण आहे का याची खूण प्रोसेसरमध्ये बरोबर लावते, म्हणून पुढची तपासणी बिनघोर चालते. एका बाइटात किती विचार! १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निन्टेन्डोविरुद्ध गेम जिनी विकणाऱ्या गालूब कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्या उपकरणाने कॉपीराइट असलेल्या खेळावर बेतलेली नवी कृती तयार होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. स्वतःच्या घरी, स्वतःच्या कन्सोलवर केलेल्या बदलाचा तो वाद होता. ऑनलाइन खेळणाऱ्या अनोळखी माणसांशी त्याचा संबंध नव्हता.

मग त्याने पाचही बाइट ९० केले. खेळाडू अमर झाला. शत्रूही अमर झाले. मार देण्याचं फंक्शन दोघांना एकच होतं. चीट इंजिनसोबत येणाऱ्या सरावाच्या प्रोग्रॅमची शेवटची, नववी पायरी नेमकी याच अडचणीची आहे. उपाय असा: मूळ पाच बाइटांच्या जागी एक उडी लिहायची (उडीची सूचनाही पाच बाइटांचीच, ती तिथे अगदी चपखल बसली), दुसरीकडे जागा घेऊन तिथे तपासायचं की आरएएक्समध्ये खेळाडूचा पत्ता आहे का. असेल तर काही न करता परतायचं, नसेल तर मूळ सूचना चालवून परतायचं.

इथे माझी एक चूक नोंदवते. सुरुवातीला मी त्याला कंपायलरचं (सी चा कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमचं) ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्याची सोय, बंद ठेवायला सांगितलंच नव्हतं. एका शनिवारी त्याने ते चालू करून गेम बांधला, आणि मार देण्याचं छोटं फंक्शन कंपायलरने जिथे जिथे वापरलं होतं तिथे तिथे विरघळवून टाकलं. गोळीचा मार थांबला, उंचावरून पडल्याचा मार चालूच. नवशिक्यासाठी आधी ऑप्टिमायझेशन बंद ठेवावं, आणि गोष्टी समजल्यावर मुद्दाम चालू करून फरक बघावा.

मी जिवंत आहे, हेल्थ ९९९

दोन महिने झाल्यावर तो म्हणाला, "आता ऑनलाइनचं करू." अट तीच होती, म्हणून त्याने आपल्याच गेमला सर्व्हर जोडला. सेकंदाला ३० टिक (म्हणजे सर्व्हर सेकंदात ३० वेळा हिशेब करणार), दोन खेळाडू, मधे साधी भिंतींची जागा. दुसरा खेळाडू त्याचा एक मित्र, सगळं माहीत असलेला.

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चालणारा गेम, सर्व्हरला कळवायचा: मी इथे आहे, माझी हेल्थ एवढी आहे. सर्व्हर ते खरं मानून पुढे पाठवायचा. इथे जुना चीट जसाच्या तसा चालला, आणि का चालला हे त्याला न सांगता कळलं.

दुसऱ्या आवृत्तीत क्लायंट फक्त दाबलेली बटणं पाठवू लागला. जागा, हेल्थ, गोळ्या, सगळा हिशेब सर्व्हरकडे. त्याने आपल्या बाजूला हेल्थ ९९९ केली, आणि मित्राच्या तिसऱ्या गोळीला खाली पडला. पडद्यावर ९९९, समोर आपलंच प्रेत. पडद्यावरच्या ८७ ची नक्कल त्याला आठवली. आता क्लायंटमधली सगळी हेल्थच नक्कल झाली होती.

दोन गोष्टी मात्र उरल्या. एक, बटण दाबल्यावर हालचाल सर्व्हरकडून परत येईपर्यंत उशीर जाणवू लागला. ही अडचण क्वेक या जुन्या शूटर गेमच्या वेळचीच आहे. १९९६ मध्येच त्याच्या ऑनलाइन आवृत्तीने, क्वेकवर्ल्डने, यासाठी क्लायंटला आपली हालचाल आधीच अंदाजाने दाखवायला शिकवलं. दुसरी गोष्ट त्याने स्वतः शोधली. सर्व्हर आलेल्या प्रत्येक पॅकेटमागे एक पाऊल टाकत होता. त्याने क्लायंटमधून दुप्पट वेगाने पॅकेट पाठवले आणि खेळाडू दुप्पट वेगाने पळाला. आपलंच भोक आपणच शोधल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिला. एका टिकला एकाच इनपुटचा हिशेब धरायचा, असं करून त्याने ते बुजवलं.

याच काळात त्याच्या हाती एका दुसऱ्या गेमसाठीचा तयार, फुकट चीट आला आणि तो उघडून बघावा असं त्याला वाटू लागलं. मी स्पष्ट नाही म्हणाले. जो प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीत लिहिण्याचे हक्क मागतो आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, तो आणखी काय काय करेल हे नवशिक्याला कळणं शक्य नाही. चीट इंजिन चालू ठेवून अँटीचीट (चीट पकडणारा प्रोग्रॅम) असलेला ऑनलाइन गेम उघडू नकोस हेही सांगितलं. काही अँटीचीट आता कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसतात, आणि खातं एकदा बंद झालं की "मी फक्त शिकत होतो" हे कोणाला पटवून द्यायचं?

भिंतीआड

आता तो पहिल्या प्रश्नापाशी आला होता. भिंतीआडून मारणाऱ्याला भिंतीमागचं दिसतं कसं?

उत्तर त्याच्याच सर्व्हरमध्ये होतं. दर टिकला सर्व्हर दोन्ही खेळाडूंच्या जागा दोघांनाही पाठवत होता. मित्र भिंतीमागे असेल तर त्याला न दाखवण्याचं काम क्लायंटचं चित्र काढणारं फंक्शन करत होतं. ती एक अट काढली की भिंत काचेची. इथे सर्व्हरवरची हेल्थ काही कामाची नाही, कारण चोरी किंमतीची नाही, माहितीची आहे, आणि ती माहिती सर्व्हरनेच हातात दिलेली आहे.

"मग दिसत असेल तरच पाठवायचं," तो म्हणाला, आणि तसं केलं. बघणाऱ्यापासून मित्रापर्यंत सरळ रेषा टाकून मधे भिंत येते का ते सर्व्हर तपासू लागला. लगेच नवी तक्रार आली: कोपऱ्यावरून वळलं की मित्र हवेतून प्रकटतो. दिसायला लागण्याच्या क्षणी पाठवलेली माहिती पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून थोडं आधी पाठवायला हवं, आणि जेवढं आधी पाठवाल तेवढा वेळ चीटर भिंतीआड बघणार. किती आधी? इथे बरोबर उत्तर नाही, तडजोड आहे. काही खेळांत तर तीही करता येत नाही. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्समध्ये प्रत्येक खेळाडूच्या कॉम्प्युटरवर संपूर्ण जग सारखंच चालवलं जायचं आणि नेटवर्कवरून फक्त आज्ञा जायच्या. त्या काळच्या मोडेमवर शेकडो सैनिक हलवायला दुसरा मार्ग नव्हता. सगळं जग प्रत्येकाकडे असेल तर नकाशावरचा अंधार हा फक्त चित्र काढण्याचा प्रश्न उरतो.

एमबॉट त्याने शेवटी लिहिला, स्वतःच्या गेमसाठी, दहा-बारा ओळींत. दोघांच्या एक्सचा फरक, वायचा फरक, एटॅन२ फंक्शनने त्यांचा कोन, आणि तो कोन माउसच्या जागी. शाळेतली त्रिकोणमिती मी त्याला इतक्या मनापासून वापरताना पाहिली नव्हती. आणि सर्व्हरला यात बेकायदा असं काही सापडेना. गोळी खरी, कोन शक्य, वेळ बरोबर. सर्व्हरपुढे प्रश्न एवढाच उरतो की हा हात माणसाचा आहे का.

त्यावर त्याने एक नियम लिहिला: एकाच टिकमध्ये, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंदांत, नजर ९० अंशांहून जास्त फिरली आणि त्याच टिकला गोळी लागली, तर खेळाडूला बाहेर काढायचं. पहिल्या संध्याकाळी नियमाने त्याच्या एमबॉटला पकडलं. दुसऱ्या संध्याकाळी मित्राला बाहेर काढलं. मित्राकडे चीट नव्हता. त्याच्या माउसचा वेग फार जास्त ठेवलेला होता आणि तो पाठीमागच्या आवाजावर गर्रकन वळून गोळी मारायचा. मग एमबॉटला त्याने तीन टिक लावून हळू वळायला शिकवलं, आणि नियमाला तो दिसेनासा झाला.

"ताई, म्हणजे हा नियम चीटरला सोडतो आणि चांगल्या खेळणाऱ्याला पकडतो."

त्याने बाहेर काढण्याची ओळ काढून टाकली. आता सर्व्हर दर गोळीमागे कोन आणि वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. फाइलमध्ये मित्राच्या आणि एमबॉटच्या चार संध्याकाळी साठल्या आहेत, आणि त्या नोंदींमध्ये माणूस कुठला आणि प्रोग्रॅम कुठला हे ओळखण्यासाठी तो सध्या प्रमाण विचलन शिकतो आहे.